सागरचित्रण, जपानी वास्तूंतील

जपानमधील निवासगृहे, प्रासाद व मंदिरे यांतील सरकती दारे आणि घडीचे पडदे यांवर करण्यात येणारे समुद्राचे चित्रण. त्यात समुद्राच्या हुबेहूब दर्शनापेक्षा आकृतिबंधाला प्राधान्य असते. आधुनिक अमूर्त चित्रकलेला ही परंपरा म्हणूनच जवळची ठरली.

पारंपरिक जपानी घरात पक्क्या भिंती थोड्या असतात. लाकडी जाळीवर कागदाचे थर चिकटवून केलेली ‘फुसुमा’ ही सरकती दारे खोल्या विभागतात. ‘ब्योबु’ हा घडीचा पडदा आडोशासाठी वापरतात. दारांच्या चौकटी आणि ती सरकविण्यासाठी बसविलेल्या धातूच्या खोबण्या यांमुळे चित्राचे उभे खंड पडतात. दार सरकविताच एक खंड दुसऱ्याआड जातो व रचना बदलते. शिवाय पाहणारा ‘तातामी’ या चटईवर बसलेला असतो आणि प्रकाश कागदी ‘शोजी’तून मंदपणे येतो. एकाच स्थिर बिंदूवरून योजलेले यथादर्शन येथे फारसे उपयोगी पडत नाही. त्यामुळे चित्रकारांनी सपाट रंगक्षेत्रे, रेषांची लय, सोनेरी वर्ख व मोकळे अवकाश यांचा आश्रय घेतला.

सतराव्या शतकात तावाराया सोतात्सू याने ‘मात्सुशिमा’ या पडद्यांच्या जोडीत खडक व लाटा यांना आलंकारिक रूप दिले. ओगाता कोरिन (१६५८–१७१६) याने हा विषय पुढे चालविला. त्याच्या खवळलेल्या लाटांच्या दोन फळ्यांच्या पडद्यात फेसाची टोके नखांसारखी वळलेली दिसतात.

विसाव्या शतकात या वारशाला दोन दिशा लाभल्या. १९५० मध्ये न्यूयॉर्कला गेलेल्या ओकादा केन्झो (१९०२–८२) याच्या अमूर्त चित्रांतील सौम्य, सपाट आकार जपानी पडदे व कागद यांची आठवण देतात. उलट दोमोतो इन्शो (१८९१–१९७५) याने अमूर्त शैलीच मंदिरात आणली. क्योटोच्या होनेन-इन मंदिरातील त्याची दारचित्रे १९७१ मधील आहेत.

हिगाशियामा काई (१९०८–९९) याने पूर्ण अमूर्तता स्वीकारली नाही. नारा येथील तोशोदाइजी मंदिराच्या मिएइदो या दालनासाठी त्याने जपानच्या किनाऱ्यांवर हिंडून रेखाटने केली आणि १९७५ मध्ये ‘तोसेई’ (लाटांचा ध्वनी) हे दारचित्र अर्पण केले. निळ्या-हिरव्या खनिज रंगांतील लाटा खडकांवर आदळून वाळूवर पसरतात. चित्रात माणूस किंवा नौका नाही. या दालनात मंदिराचा संस्थापक, चिनी भिक्षू गांजिन (६८८–७६३) याची आठव्या शतकातील मूर्ती आहे. जपानला येण्याचे त्याचे पाच प्रयत्न फसले. सहाव्या प्रयत्नात ७५३ मध्ये तो पोहोचला, तेव्हा परंपरेनुसार त्याची दृष्टी गेलेली होती. जो समुद्र ओलांडूनही ज्याला पैलतीर पाहता आला नाही, त्याच्या सान्निध्यात तो समुद्र असा दारांवर उभा आहे.