कर्नल मनोहर माळगावकर : बंदूक ठेवून लेखणी उचललेला इतिहासकार

इंग्रजी दप्तरांनी कान्होजी आंग्रे यांच्यावर दोन शतके एकच शिक्का मारला होता : चाचा, अर्थात समुद्री लुटारू. १९५९ साली त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले, तेही इंग्रजीतच, आणि त्याच्या शीर्षकात नावापुढे 'मराठा ॲडमिरल' अशी उपाधी होती. लेखक होते लेफ्टनंट कर्नल मनोहर माळगावकर. आजचा धागा या सैनिक-लेखकाविषयी.

जन्म १२ जुलै १९१३. आजोबा देवास संस्थानचे दिवाण. मुंबई विद्यापीठाची पदवी घेतल्यावर काही काळ व्यावसायिक शिकारी, मग छावणी प्रशासनात अधिकारी आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मराठा लाइट इन्फन्ट्री. १९५२ साली त्यांनी लष्कर सोडले, उत्तर कन्नडच्या अरण्यातील जगलबेट येथे घर केले, मँगनीजच्या खाणीचा व्यवसाय केला, निवडणूकही लढवली आणि हरले. टिकली ती लेखणी. वृत्तपत्रांतील लेख आणि स्तंभ त्यांनी उतारवयापर्यंत लिहिले.

आता कान्होजींकडे. (आम्हा यवतमाळकरांना समुद्र भेटतो तो नकाशातच, तरी या प्रकरणाचे आकर्षण सुटत नाही.) १७१३ साली बाळाजी विश्वनाथ यांच्या मध्यस्थीने कान्होजी शाहू छत्रपतींच्या बाजूस आले आणि सरखेल झाले. म्हणजेच ते एका राज्याचे अधिकृत आरमारप्रमुख होते. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी त्यांचा दस्तक घ्यावा, ही त्यांची मागणी. पोर्तुगीजही आपल्या 'कार्ताझ'च्या बळावर हेच करीत आले होते. परंतु त्यांना कोणी चाचे म्हटले नाही!

१७१८ मध्ये इंग्रजांचा खांदेरीवरील हल्ला फसला. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज एकत्र येऊन सुमारे सहा हजार माणसांनिशी अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून गेले. राजेशाही नौदलाची चार जहाजे घेऊन कमोडोर मॅथ्यूज आला होता. गंमत अशी, की त्याला मुळात मादागास्करच्या खऱ्याखुऱ्या चाच्यांविरुद्ध पाठवले होते. शाहूंनी धाडलेले घोडदळ पाठीशी उभे राहताच हल्ला कोलमडला. पोर्तुगीजांनी बाजीरावांशी स्वतंत्र तह केला आणि इंग्रज हात हलवीत मुंबईस परतले. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले, तोवर त्यांचे आरमार अजिंक्यच होते.

भारतीय नौदलाने १९५१ मध्येच मुंबईच्या तळास 'आंग्रे' हे नाव दिले होते. तरीही इंग्रजी वाचणाऱ्या जगासाठी कान्होजी लुटारूच राहिले असते. ज्या भाषेत आरोप झाला, त्याच भाषेत उत्तर देणे, हे माझ्या मते माळगावकरांचे सर्वांत मोठे काम. पुढे त्यांनी देवासच्या पवारांचा आणि कोल्हापूरच्या छत्रपतींचाही इतिहास लिहिला.

युद्धातून पत्रकारितेत आणि तेथून युद्धेतिहासात, हा प्रवास जगात इतरत्रही दिसतो. ब्रिटनचा लिडेल हार्ट पहिल्या महायुद्धात सोमच्या रणभूमीवर लढला, १९२५ पासून 'डेली टेलिग्राफ'चा लष्करी वार्ताहर झाला आणि त्याने युद्धशास्त्राचे सिद्धांत मांडले. माळगावकर सिद्धांताच्या वाटेस गेले नाहीत. त्यांचा ओढा माणसांकडे. 'डिस्टंट ड्रम' (१९६०) या कादंबरीत त्यांनी काल्पनिक 'सातपुडा रेजिमेंट' उभी केली. फाळणीमुळे दुरावलेले दोन सैनिक मित्र त्यात काश्मीरच्या युद्धविराम रेषेवर भेटतात. फाळणीने पलटणींचे काय केले, हे अनेक जाडजूड ग्रंथांपेक्षा येथे अधिक कळते.

मर्यादाही सांगायला हवी. कथनाची लय त्यांना इतकी प्रिय, की इतिहास आणि कादंबरी यांची सीमारेषा त्यांच्या वाचकाने स्वतः सांभाळावी लागते. नानासाहेब पेशव्यांच्या तोंडून १८५७ सांगणारे 'द डेव्हिल्स विंड' (१९७२) ही कादंबरी आहे. समाजमाध्यमांवर तिला पुरावा म्हणून वापरू नये.

गांधीहत्येवरील त्यांचे पुस्तक १९७८ साली आले. १९६४ मध्ये सुटलेल्या आरोपींना गाठून, प्रत्यक्ष बोलून त्यांनी ते लिहिले. येथे इतिहासकारापेक्षा पत्रकार अधिक दिसतो.

१४ जून २०१० रोजी, शहाण्णवाव्या वर्षी ते गेले. वाचायला सुरुवात करणार असाल तर कान्होजींचे चरित्र आधी घ्या. मग ओहोटीची वेळ पाहून अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाब्यापर्यंत चालत जा. भरतीच्या आत परत या.