कॉम्प्युटर ‘फॉरमॅट मारण्या’आधी हे वाचा, नाहीतर डेटा जाईल

सोलापुरात चादर-टॉवेलच्या कारखान्याचं ऑफिस असो किंवा घर, अनेकदा एकाच जुन्या कॉम्प्युटरवर सगळं असतं: डिझाइन, जीएसटीची बिलं, मुलांचे फोटो. तो अडकायला लागला की सल्ला मिळतो, ‘फॉरमॅट मार.’ पण फॉरमॅटनंतर विंडोज पुन्हा टाकता येतं. फायली परत येतीलच असं नाही.

बिघाड नेमका कुठे?

अचानक लाइट गेली की ड्राइव्हवरची फायलींची नोंद बिघडू शकते. हे दुरुस्त होतं. पण हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल किंवा कॉपी मध्येच थांबत असेल, तर ड्राइव्हच खराब होत असू शकतो. एसएसडी तर आवाज न करताच बंद पडते. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ड्राइव्हची तब्येत दिसते. तिथे ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसलं तर सावध व्हा.

आधी डेटा, मग दुरुस्ती

खराब होत चाललेल्या ड्राइव्हवर दुरुस्ती चालवू नका. त्या ताणानं तो कायमचा बंद पडू शकतो. विंडोज सुरूच होत नसेल, तर पेनड्राइव्हवरून उबंटू इन्स्टॉल न करता चालवा आणि फायली दुसऱ्या डिस्कवर घ्या. टक-टक आवाज येत असेल तर कॉम्प्युटर बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा. डिस्क घरी उघडू नका, धुळीनंही ती निकामी होते.

ड्राइव्ह ठीक असेल तर?

ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, टूल्स, चेक असं जा. फरक पडला नाही तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत ‘रीसेट धिस पीसी’ निवडा. ‘कीप माय फाइल्स’ घेतलं तर फायली राहतात, सॉफ्टवेअर मात्र पुन्हा टाकावी लागतात. तरीही बॅकअप आधी घ्याच.

विंडोज नव्यानं टाकताना

किमान 8 जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच विंडोज उतरवा. बिटलॉकर सुरू असेल तर 48 अंकी की आधी शोधून ठेवा. इन्स्टॉल करताना कोणता ड्राइव्ह पुसला जातोय, ते साइज बघून खात्री करा. डिजिटल लायसन्स असेल तर त्याच मशीनवर इंटरनेट जोडल्यावर विंडोज सहसा आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 साठी टीपीएम 2.0, 4 जीबी रॅम आणि 64 जीबी जागा लागते.

दुकानात देताय?

‘आधी डेटा काढा, मग फॉरमॅट करा’ हे पावतीवर लिहून घ्या. ड्राइव्ह बदलला तर जुना परत मागा. एसएसडी फॉरमॅट झाल्यावर ट्रिम नावाच्या प्रक्रियेमुळे फायली परत मिळणं जवळपास अशक्य असतं. म्हणून बॅकअपची डिस्क वेगळी ठेवा, आणि ती कायम कॉम्प्युटरला जोडून ठेवू नका.