देहदान : संमती आणि नीतिविचार

मृत्यूनंतर आपला संपूर्ण देह वैद्यकीय शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी द्यावा, असे माणसाने जिवंतपणी स्वखुशीने ठरवणे म्हणजे देहदान. अवयवदान यापेक्षा वेगळे. त्याला १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपणाचा केंद्रीय कायदा लागू होतो. देहदान मात्र राज्याराज्यांच्या ॲनॅटमी कायद्यांखाली येते. मूत्रपिंड, यकृत असे अवयव काढलेला देह महाविद्यालये सहसा स्वीकारत नाहीत. नेत्रदान केल्यावर मात्र देहदान करता येते.

देहदानाच्या प्रचारात दधीची ऋषींचे नाव हमखास घेतले जाते. त्या कथेतली मोलाची गोष्ट मात्र बहुधा सांगायची राहून जाते. देव दधीचींकडे त्यांच्या अस्थी मागायला गेले, त्या कशासाठी हव्यात ते सांगितले आणि ऋषींनी होकार दिल्यावरच त्या घेतल्या. शरीररचनाशास्त्राचा इतिहास असा नाही. हे शास्त्र ज्यांच्या देहांवर उभे राहिले, त्यांतल्या बहुतेकांना कोणी विचारलेच नव्हते. सुश्रुतसंहितेत देह कसा निवडावा, मुंज गवतात गुंडाळून पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात कसा ठेवावा आणि सात दिवसांनी वाळ्याच्या वगैरे कुंच्याने हळूहळू घासत एकेक थर कसा पाहावा, हे बारकाईने दिले आहे. तो देह कोणाच्या परवानगीने आणावा, हा प्रश्न तिथे येत नाही.

इंग्लंडमध्ये १७५२ च्या कायद्याने खुन्याला फाशीनंतर विच्छेदनाची जादा शिक्षा ठेवली. त्यामुळे विच्छेदन म्हणजे बेअब्रू, ही समजूत लोकांच्या मनात घट्ट बसली. चार्ल्स बर्न हा असाधारण उंचीचा आयरिश माणूस १७८३ मध्ये लंडनमध्ये वारला. आपला देह शल्यविशारदांच्या हाती पडेल या धास्तीने त्याने मित्रांना बजावले होते की मला समुद्रात बुडवा. शल्यविशारद जॉन हंटर याने पैसे चारून तो देह मिळवला आणि बर्नचा सांगाडा दोन शतकांहून अधिक काळ हंटेरियन संग्रहालयात लोकांपुढे उभा राहिला. २०२३ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले तेव्हा तो मांडला नाही. पण संग्रहात तो अजूनही आहे. मृताची इच्छा माहीत असूनही डावलली गेल्याचे याहून उघड उदाहरण सापडणे कठीण.

पुढे १८२८ मध्ये एडिंबरात बर्क आणि हेअर यांनी सोळा माणसे मारून त्यांचे देह डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या विच्छेदनशाळेला विकले. त्यानंतर आलेल्या १८३२ च्या ॲनॅटमी ॲक्टने प्रेतांचा चोरबाजार मोडला, पण त्याची किंमत गरिबांनी मोजली. मृताने जिवंतपणी हरकत नोंदवली नसेल आणि जवळचा नातलग आड येत नसेल, तर देह ज्याच्या ताब्यात आहे त्याने तो देऊन टाकावा, अशी त्याची रचना होती. अनाथ-निराधारांच्या आश्रमात मरणाऱ्याचा देह आश्रमचालकांच्याच ताब्यात असे. गप्प राहणे म्हणजे संमती, असे कायद्यानेच मानले. त्याच वर्षी तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅम वारले. त्यांनी मृत्युपत्रात स्वतःचा देह विच्छेदनासाठी देऊ केला होता आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे तो विच्छेदिला गेला. विचारपूर्वक दिलेला देह आणि कोणी मागे नाही म्हणून घेतलेला देह, हे दोन्ही मार्ग तेव्हापासून शेजारी शेजारी चालत आले आहेत.

महाराष्ट्राच्या कायद्यातही ते दोन्ही आहेत. १९४९ चा मुंबई ॲनॅटमी ॲक्ट मुळात बेवारस मृतदेह वैद्यकीय संस्थांना मिळावेत म्हणून झाला. इच्छेने देह देण्याची तरतूद त्याला नंतर जोडली गेली. तिच्यानुसार माणसाने लेखी, किंवा दोन साक्षीदारांसमोर तोंडी, इच्छा सांगितलेली असेल आणि ती मागे घेतल्याचे दिसत नसेल, तर देह कायदेशीररीत्या ज्याच्या ताब्यात आहे त्याला तो देता येतो. ‘देता येतो’ म्हणजे दिलाच पाहिजे असे नाही. देहदानाचा अर्ज भरलेल्या माणसाच्या मुलाने शरीररचनाशास्त्र विभागाला फोनच केला नाही, तर बहुधा त्या अर्जाचे पुढे काहीच होत नाही. म्हणून कार्यकर्ते अर्ज भरून घेतानाच घरच्यांना शेजारी बसवतात आणि एक साक्षीदार जवळचा नातेवाईक असावा असा आग्रह धरतात. मूळचे मराठवाड्यातले समाजसेवक नानाजी देशमुख २०१० मध्ये चित्रकूटला वारले आणि त्यांचा देह दिल्लीच्या एम्स रुग्णालयाला गेला, कारण आपली इच्छा त्यांनी आधीच पक्की करून ठेवली होती.

घरातच दुमत असेल तर काय, हा प्रश्न केरळमधून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्येष्ठ कम्युनिस्ट नेते एम. एम. लॉरेन्स सप्टेंबर २०२४ मध्ये वारले. वडिलांनी देहदानाची इच्छा सांगितली होती, असे मुलाचे म्हणणे होते. ख्रिस्ती पद्धतीने दफन व्हावे, असा मुलीचा आग्रह होता. केरळ उच्च न्यायालयाने साक्षीदारांसमोर सांगितलेली इच्छा ग्राह्य धरली आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. तोवर कित्येक महिने देह शवागारात पडून राहिला. निर्णय योग्यच होता. पण लेखी कागद असता तर भावंडांना कोर्टाची पायरी चढावी लागली नसती.

बेवारस देहांचा प्रश्न याहून गंभीर आहे. रेल्वेखाली सापडलेला बिगारी, फुटपाथवर मेलेली म्हातारी, परराज्यातून आलेला मजूर यांचे नातलग नसतात असे नाही. त्यांच्यापर्यंत बातमी पोचलेली नसते, किंवा देह न्यायला त्यांच्याकडे पैसे नसतात. शरीररचनाशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्येच सांगितले की देह केवळ दात्याच्या स्वतःच्या, समजून-उमजून दिलेल्या लेखी संमतीनेच घ्यावेत आणि त्यात नफेखोरी नसावी. ब्रिटनच्या २००४ च्या कायद्यानेही विच्छेदनासाठी मृताची स्वतःची, साक्षीदारासमोरची लेखी संमती बंधनकारक केली. तिथे नातलग त्याच्या वतीने होकार देऊ शकत नाहीत. सत्तेखाली दबलेल्यांचे देह शास्त्राच्या नावाखाली वापरले की काय होते, हे व्हिएन्नात दिसले आहे. नाझी राजवटीत देहदंड दिलेल्या किमान १,३७७ जणांचे देह तिथल्या शरीररचना संस्थेकडे आले होते, असे विद्यापीठाच्याच चौकशीत १९९८ मध्ये निष्पन्न झाले. त्यामुळे त्याच संस्थेतल्या एडुआर्ड पेर्नकोप्फ यांचा सुंदर चित्रांचा शरीररचनेचा ॲटलास वापरावा की नाही, हा वाद शल्यचिकित्सकांत आजही चालतो. महाराष्ट्रात स्वेच्छेने येणारे देह वाढत आहेत. तेव्हा बेवारस देहांवरचे अवलंबन बंद करण्याची तारीख ठरवायला आता हरकत नसावी.

संमती घेतली म्हणजे ती पुरेशी समजावून घेतली असे होत नाही. बहुतेक अर्जांत नाव, वय, पत्ता, साक्षीदारांच्या सह्या एवढेच असते. फॉर्मालिन भरलेला देह विद्यार्थी कित्येक महिने टप्प्याटप्प्याने विच्छेदतात, हाडे अभ्यासासाठी ठेवली जाऊ शकतात, घरच्यांना अस्थी-राख मिळेलच असे नाही, हे वाचून सही करणारे किती? फोटो काढण्याबद्दल, देह दुसऱ्या महाविद्यालयाकडे पाठवण्याबद्दल, रसायनांनी टिकवून प्रदर्शनात मांडण्याबद्दलही अर्ज गप्पच असतात. शिवाय शवविच्छेदन झालेला, पोलिसी प्रकरणातला, किंवा एचआयव्ही वा हिपॅटायटिससारखा संसर्ग असलेला देह नाकारला जातो. हे आधी न सांगितल्याने ऐन दुःखात घरच्यांची परवड होते.

वैद्यकीय विद्यार्थ्यांना मृतदेह हा पहिला गुरू आहे असे आता अभ्यासक्रमातूनच शिकवले जाते आणि अनेक महाविद्यालयांत विच्छेदनापूर्वी शपथ दिली जाते. तैवानमधल्या त्झू ची विद्यापीठात विद्यार्थी दात्याच्या कुटुंबाला भेटतात, त्याचे आयुष्य समजून घेतात आणि काम संपल्यावर अंत्यविधीत सहभागी होतात. आपल्याकडे तेवढे होईपर्यंत देहदात्याने अर्जाला स्वतःच्या हाताने एक पान जोडावे : काय चालेल, काय चालणार नाही, हाडे ठेवावीत की नाही, उरलेल्या देहाचे दहन व्हावे की दफन, आणि फोन कोणी करायचा. त्या पानाची एक प्रत विभागाकडे द्यावी, दुसरी घरच्यांना सापडेल अशा जागी ठेवावी.