कांद्याचे आसू आणि कार्बनची साक्ष

लासलगावच्या बाजारात कांद्याला काय तोटा! पण कांदा चिरताना रडवणारा पदार्थ नेमका कोणता, हे ठरायला शास्त्रज्ञांना बरीच वर्षे लागली. फिनलंडचे विर्तानेन, १९४५ चे नोबेल मानकरी, यांनी १९६० च्या सुमारास त्याची एक रचना मांडली. १९७१ साली ब्रॉडनिट्झ व पास्काले यांनी ती दुरुस्त केली. अणू तेच: तीन कार्बन, सहा हायड्रोजन, एक गंधक, एक ऑक्सिजन. एका हायड्रोजनची जागा तेवढी चुकली होती!

डोळ्यांना न दिसणारी ही मांडणी ओळखावी कशी? १९५७ मध्ये लॉटरबर यांनी कार्बनचे चुंबकीय अनुस्पंदन मोजून दाखवले. शंभरातला जेमतेम एक कार्बन अणू, तेरा वजनाचा, जबर चुंबकात रेडिओलहरींना ओ देतो. आणि शेजारी कोण बसले आहे, त्याप्रमाणे त्याचा सूर बदलतो. आता आपला कांदा घ्या. विर्तानेन यांच्या रचनेत दुहेरी बंधाचे कार्बन दोन, नव्या रचनेत एकच. तेव्हा आलेखावर अशी रेघ एक की दोन, एवढे पाहिले की झाले.

गंमत म्हणजे अख्ख्या कांद्यात हा पदार्थ नसतोच. सुरी लागली की तयार होतो. तो घडवणारे विकर जपानी संशोधकांनी २००२ साली शोधून काढले.