दर्यामार्गें येणाऱ्या घोड्यांचा सौदा : किंमत, जोखीम आणि शेपटीचा पुरावा

विजयनगरच्या इतिहासाचे वाचक ज्या एका वाक्यापाशीं हटकून थांबतात व हंसतात, तें वाक्य फेर्नाव नुनीझ याच्या पोर्तुगीज वृत्तांतांत आहे. साळुव नरसिंह (राज्यकाल इ. स. १४८५ ते १४९१) हा आर्मझ व एडन येथून घोडे आणवी; हजार पर्दावांस तीन या दरानें तो ते, जिवंत असोत वा मेलेले असोत, विकत घेई; आणि जे समुद्रांत मरत त्यांची नुसती शेपटी आणून दाखविली तरी जिवंत घोड्याप्रमाणें पुरी किंमत चुकती करी, असें नुनीझ लिहितो. सन १९०० मध्यें रॉबर्ट सेवेल यानें या वृत्तांताचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्यापासून हा मजकूर अनेकदां उद्धृत झाला आहे, पण बहुधा एतद्देशीय राजांच्या भोळेपणाचा किंवा उधळेपणाचा मासला म्हणून. प्रस्तुत लेखकास हें मत मान्य नाहीं. न पाहिलेलें जनावर, शेंकडों कोसांवरून, ऋतुवाऱ्यावर अवलंबून असणाऱ्या जहाजानें आणवावयाचें असलें म्हणजे पैसा कोणीं व केव्हां द्यावयाचा आणि जनावर वाटेंत मेल्यास नुकसान कोणाच्या माथीं बसावयाचें, हा प्रश्न आधीं सोडवावा लागतो. शेपटी हें त्या प्रश्नाचें एक उत्तर होतें, आणि तें अविचारी नव्हतें, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

प्रथम आपल्या शास्त्राची या बाबतींत काय व्यवस्था होती तें पाहूं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत विकत घेतलेल्या वस्तूच्या परीक्षेची मुदत वस्तुपरत्वें ठरवून दिली आहे. बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक, रत्नांस सात, दुभत्या जनावरास तीन. आणि ओझें वाहणाऱ्या वा स्वारीच्या जनावरास पांच दिवस. या मुदतींत खोड आढळल्यास माल परत करतां येई. विसार म्हणून दिलेल्या द्रव्यास ‘सत्यंकार’ असें सुंदर नांव असून, तो घेऊन सौदा मोडणारानें दुप्पट परत द्यावें असा नियम आहे. विकलेला माल, घेणारानें मागूनहि, विकणारानें स्वाधीन केला नाहीं, आणि मग राजाच्या किंवा दैवाच्या कोपानें तो बिघडला, तर हानि विकणाराची. माल वाहून नेणारानें तो गमावला तर त्यानें भरून द्यावा. परंतु राजदैविक आपत्ति आल्यास त्याच्याकडे दोष नाहीं.

ही व्यवस्था बाजारांत समोरासमोर झालेल्या खरेदीस उत्तम लागू पडते. पण घोडा आर्मझच्या तबेल्यांत, घेणारा तुंगभद्रेच्या तीरीं, आणि मध्यें समुद्र, अशी स्थिति असतां तिचें काय होतें? पांच दिवसांची परीक्षा जनावर किनाऱ्यास लागल्यावरच सुरू होणार. वादळ, पाण्याचा तुटवडा, उन्हाचा ताप हें सारें दैव. म्हणून तांडेलावर दावा चालत नाहीं. राहिले विकणारा व घेणारा. जनावर स्वाधीन होईपर्यंत हानि विकणाराची असें धरलें, तर प्रत्येक व्यापारी आपल्या जिवंत घोड्यांच्या किंमतींत मेलेल्यांची किंमत मिसळणार, हें उघड आहे. शास्त्रकारांस ही गोष्ट ठाऊक नव्हती असें मात्र समजूं नये. अरण्यांतून जाणाऱ्या व्यापाऱ्याकडून दरमहा शेंकडा दहा आणि समुद्रावर जाणाऱ्याकडून शेंकडा वीस व्याज घ्यावें असें त्याच स्मृतींत सांगितलें आहे, आणि मूळ रक्कमच बुडण्याची भीति हें त्याचें कारण मिताक्षरेंत विशद केलें आहे. मिताक्षरा रचणारा विज्ञानेश्वर कल्याणीच्या विक्रमादित्य चालुक्याच्या (१०७६ ते ११२६) आश्रयास होता. परदेशी घोड्यांची गरज त्या राजधानीस काय थोडी होती! अमरसिंहाच्या कोशांत वनायुज, पारसीक, काम्बोज, बाह्लिक ही देशावरून पडलेलीं अश्वनामें आहेत, तेव्हां व्यापार त्याहूनहि जुना हें सांगणें नलगे.

आतां प्रवासाची जोखीम केवढी होती तें पाहिलें पाहिजे. मार्को पोलो (तेराव्या शतकाची अखेर) यानें आर्मझच्या जहाजांचें वर्णन केलें आहे. फळ्या लोखंडी खिळ्यांनीं जोडलेल्या नसून काथ्याच्या दोरीनें शिवलेल्या. वर तक्तपोशी नाहीं. माल भरून त्यावर कातडीं पसरावयाचीं आणि त्या कातड्यांवर हिंदुस्थानांत विकावयाचे घोडे उभे करावयाचे. अशा जहाजावर उघड्यावर उभें राहून आलेलें जनावर बंदरास जिवंत लागलें तर नवल, असें कोणासहि वाटेल. त्यांत चांचांचें भय निराळें. ठाण्याविषयीं पोलो एक चमत्कारिक गोष्ट सांगतो : तेथील राजाचा समुद्रांतील चांचांशीं असा करार होता कीं, लुटींत सांपडलेले सर्व घोडे राजाचे आणि बाकीचा माल चांचांचा. त्या सुमारास उत्तर कोंकण देवगिरीच्या यादवांकडे आलेलें होतें. तेव्हां हा ‘राजा’ कोणी मांडलिक किंवा ठाण्याचा अधिकारी असावा. पैसा न देतां घोडा मिळविण्याची ही कोंकणी युक्ति कौतुकास्पद नाहीं खरी. परंतु घोड्यासाठीं राज्यकर्ते कोणत्या थरास जात याची कल्पना तीवरून येते.

याच काळांतील फारसी इतिहासकार वस्साफ याचा मजकूर आपल्या विषयास फार महत्त्वाचा आहे. इराणी आखातांतील कैश बेटाचा धनाढ्य व्यापारी जमालुद्दीन इब्राहीम तीबी यानें दक्षिणेंतील माबर देशच्या, म्हणजे पांड्य राजाच्या, दरबाराशीं असा करार केला होता कीं, आपल्या पैदाशीचे चौदाशें घोडे दरसाल पाठवावे. शिवाय कतीफ, लहसा, बहरीन, आर्मझ, कलहात इत्यादि ठिकाणांहून मिळतील तितके आणवावे. प्रत्येक घोड्याची किंमत तांबड्या सोन्याचे २२० दिनार. आणि अट अशी कीं, प्रवासांत एखाद्या घोड्यास इजा झाली किंवा तो मेला, तरी त्याची किंमत सरकारी खजिन्यांतून मिळावी. अताबेग अबूबकर (मृत्यु १२६०) याच्या अमदानींत माबर, खंबायत वगैरे बंदरांस मिळून दहा हजार घोडे जात व त्यांची किंमत बावीस लक्ष दिनार होई, आणि ती देवळांच्या उत्पन्नांतून व देवळांकडील कलावंतिणींवरील करांतून चुकती होई, असेंहि तो नोंदवितो.

म्हणजे ‘मेला तरी किंमत’ ही अट साळुव नरसिंहाच्या लहरीची उपज नव्हे. तिला निदान पावणेदोनशें वर्षांची परंपरा होती. नुनीझच्या वाक्याकडे या दृष्टीनें पाहिलें म्हणजे त्यांतील शेपटीचाहि अर्थ लागतो. समुद्रांत मेलेलें धूड जहाजावर ठेवतां येत नाहीं. तें तत्काळ पाण्यांत ढकलावें लागतें. मग घोडा खरोखर चढविला होता व मेला, हें बंदरावरील कारकुनास कळावें कसें? शेपटी हलकी, न कुजणारी, आणि एका घोड्यास एकच. उतरलेले घोडे व आणलेल्या शेपट्या मिळून चढविलेल्या संख्येचा मेळ बसला म्हणजे हिशेब पुरा झाला. हें माझें अनुमान आहे. पण मोगली लष्करांत मेलेल्या घोड्याबद्दल ‘सकतनामा’ करून घेण्याची जी रीत होती, तिच्या मुळाशीं हीच गरज होती.

दराविषयींहि थोडा हिशेब करून पाहावा. हजारास तीन म्हणजे दर घोड्यास सुमारें ३३३ पर्दाव. समजा, तीस घोडे चढले व सहा वाटेंत मेले. राजास तिसांचे दहा हजार पर्दाव पडले व चोवीस घोडे मिळाले; म्हणजे जिवंत घोडा चारशें सोळा-सतरा पर्दावांस पडला. सोळाव्या शतकाच्या आरंभीं आलेला इटालियन प्रवासी वर्थेमा विजयनगरास घोड्याची किंमत निदान तीनशें पर्दाव आणि कांहींची आठशेंपर्यंत सांगतो. नरसिंहाचा सौदा या मर्यादेंत सहज बसतो. जोखीम राजानें पत्करली व त्या बदल्यांत ठोक दर पाडून घेतला, एवढाच याचा अर्थ. व्यापाऱ्यास मात्र भरवसा आला आणि घोड्यांचा ओघ शत्रूच्या बंदरांकडे न वळतां आपल्याकडे वळला, हा खरा लाभ. हा ओघ किती मोलाचा मानीत तें भटकळच्या प्रकरणावरून दिसतें. इ. स. १४७९ मध्यें, बहमनी राज्यास घोडे विकल्याच्या रागानें, विजयनगरच्या राजानें तेथील मुसलमान व्यापाऱ्यांची कत्तल करविली व उरलेले गोव्याकडे पळाले, असें पोर्तुगीज इतिहासकार बारोस लिहितो. अशा कृत्यानंतर व्यापाऱ्यांस पुन्हां आपल्या किनाऱ्यास आणावयाचें तर शेपटीचीहि किंमत देणें प्राप्तच होतें.

या पद्धतींत लबाडीस वाव होता, हें कबूल केलें पाहिजे. मेला तरी किंमत मिळणार असल्यास थकलेलीं, रोगट जनावरें जहाजावर चढविण्याचा मोह कोणास होणार नाहीं? माबरच्या करारांत तर विकणारा जमालुद्दीन आणि त्या देशच्या बंदराची व्यवस्था पाहणारा तकीउद्दीन हे सख्खे भाऊ. दोन्ही टोंकें एकाच घराच्या हातांत. तेथें पांड्य राजा नागविला गेला असेल तर आश्चर्य नाहीं. मात्र हिंदी लोकांस घोडे पाळतां येत नसत, आणि परदेशी व्यापारी मुद्दाम शालिहोत्री येऊं देत नसत, म्हणून वर्षअखेर शंभर घोडेहि उरत नसत, ही पोलोची हकीकत मला बाजारगप्प वाटते. ज्या देशांत नकुल व जयदत्त यांचे अश्ववैद्यकावरील ग्रंथ लिहिले गेले तेथें वैद्य बाहेरून येण्याची वाट पाहावी लागत नव्हती. हवा मानवत नसे, हें खरें कारण पुरेसें आहे.

करार नसेल तर काय होई, याचें उदाहरण आपल्या जुन्नरासच घडलेलें आहे. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत आर्मझहून एकच घोडा घेऊन चौलास उतरला व जुन्नरास आला. घोडा तेथवर आणण्यास आपणांस शंभर रूबल पडले असें तो म्हणतो. जुन्नरच्या असदखानानें तो घोडा काढून घेतला. धर्म बदललास तर घोडा परत व वर हजार मोहरा, नाहीं तर दोन्ही जातील, असें सांगितलें. एका खुरासानी अमिराच्या रदबदलीनें घोडा सुटला. पुढें वर्षभर त्याचा दाणावैरण सोसून निकितिननें तो बेदरास विकला, आणि त्यावर झालेला खर्च हळहळून नोंदवून ठेवला. न विचारतां माल घेऊन येणाऱ्याची सारी जोखीम त्याचीच, हा न्याय येथें पूर्णपणें लागू झाला.

किंमतीचा पैसा उभा कसा होई, तें विजयनगरच्या राजाच्या व्यवहारांत स्पष्ट दिसतें, आणि तो मजकूर शेपटीच्या गोष्टीपेक्षां अधिक वाचला जावयास हवा होता. नुनीझच्या म्हणण्याप्रमाणें राजा दरसाल आर्मझचे व देशी मिळून तेरा हजार घोडे घेई. उत्तम ते आपल्या पागेंत ठेवी. देशी घोडे हजार पर्दावांस पांच या दरानें सरदारांस देई, आणि तो पैसा सरदारांनीं सप्टेंबर महिन्यांत भरलाच पाहिजे असा दंडक होता. त्याच पैशांतून पोर्तुगीजांच्या अरबी घोड्यांची किंमत चुकती होई. खजिन्यांतून एक पर्दावहि बाहेर पडत नसे. सप्टेंबरच कां? तेव्हां पाऊस ओसरून बंदरें उघडतात, आणि महानवमीच्या उत्सवासाठीं सरदार राजधानींत जमून आपला वसूल भरतात. घेणी व देणी एकाच महिन्यांत आणून बसविण्याची ही हिशेबी बुद्धि भोळ्या राजाची खास नव्हे. गोवें पोर्तुगीजांकडे गेल्यावर (१५१०) घोड्यांची नाडी त्यांच्या हातीं आली, इ. स. १५४७ च्या तहान्वयें गोव्यास उतरणारे घोडे विजयनगरास मिळावे व आदिलशहास जाऊं नयेत असें ठरलें.

जुने कागद जमविणाऱ्या मंडळींस येथें एक विनंति. सनदा व महजर आपण रुमालांत बांधून ठेवतो, आणि घोड्याचा रंग, वय, डाग, किंमत एवढाच मजकूर असलेले पागेचे चिटोरे रद्दींत जातात. कोणत्या बंदरीं, कोणाच्या विद्यमानें, विसार किती व बाकी केव्हां, हें कळण्यास दुसरें साधन नाहीं. वर दिलेला सर्व पुरावा परकीयांच्या लेखणींतला आहे, हें विसरतां कामा नये.

राक्षसतागडीच्या लढाईनंतर (१५६५) ही सर्व व्यवस्था विश्वासासकट मोडली. १५६७ मध्यें व्हेनिसचा व्यापारी सीझर फ्रेडरिक हा अरबी घोडे घेऊन जाणाऱ्या दोन व्यापाऱ्यांच्या सोबतीनें गोव्याहून विजयनगरास गेला. लढाईंत हरवलेले, आपल्या छापाचे घोडे जो कोणी आणील त्यास पूर्वीप्रमाणें चांगली किंमत व अभयपत्र देऊं, अशी द्वाही तेथील सत्ताधीशानें फिरविली होती. व्यापारी घोडे घेऊन आले. आतां आणखी येत नाहींत असें दिसल्यावर त्यानें त्यांस एक पैहि न देतां निरोप दिला. आणि ते बिचारे दुःखानें वेड्यासारखे झाले, असें फ्रेडरिक लिहितो.