वाम माशाचा शोध आणि त्याच्या संख्येचे गणित

जो मासा मनुष्याने शतकानुशतके खाल्ला, त्याचा जन्म कोठे होतो हे त्यास ठाऊक नसावे, ही गोष्ट नवलाची खरी. परंतु युरोपातील वाम माशाच्या बाबतीत ती अक्षरशः सत्य होती. आपल्याकडे वाम ह्या नावाने अनेक सर्पाकृती मासे ओळखले जातात. प्रस्तुत लेखाचा विषय आहे तो युरोपच्या नद्यांत वाढणारा आणि प्रजननासाठी समुद्रास जाणारा वाम.

ह्या माशाच्या पोटी अंडी आढळत नसल्यामुळे तो चिखलातून आपोआप उपजतो, असे ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल ह्याने मानिले. पुढे मानसशास्त्रज्ञ म्हणून विख्यात झालेल्या फ्रॉइडने १८७६ साली ट्रिएस्ट येथे सुमारे ४०० वाम चिरून पाहिले, तरी निश्चित उत्तर मिळाले नाही. १८९६ साली ग्रासी आणि कालांद्रुच्चो ह्या इटालियन शास्त्रज्ञांनी समुद्रातील एक पानासारखा चपटा, पारदर्शक जीव हा वामाचाच डिंभ होय, असे सिद्ध केले. नंतर डेन्मार्कच्या योहानेस श्मिट ह्यांनी १९०४ पासून अटलांटिक महासागर धुंडाळला. जेथे डिंभ अधिकाधिक लहान सापडत गेले, त्या दिशेस ते जात राहिले आणि १९२२ साली सारगासो समुद्र हे जन्मस्थान त्यांनी जाहीर केले.

तेथून प्रवाहांबरोबर हजारो किलोमीटर येऊन पिल्ले नद्यांत शिरतात, वर्षानुवर्षे वाढतात, अखेरीस रुपेरी होतात आणि एकदाच प्रजनन करून मरण्यासाठी सागराकडे परततात.

मत्स्यशास्त्रात जनक किती व संतती किती, ह्यांचा गणिती संबंध मांडण्याचे कार्य रिकर (१९५४) आणि बेव्हर्टन व होल्ट (१९५७) ह्यांनी केले. परंतु वामाचे प्रजनन निसर्गात आजवर कोणी प्रत्यक्ष पाहिलेले नाही. शिवाय सामन मासा जसा आपल्या जन्मनदीस परततो, तसे येथे नाही. साऱ्या युरोपातील वाम ही एकच सामायिक संतती आहे. म्हणून जमाखर्चाची दोनच टोके मोजता येतात : नदीमुखी आलेली पिल्ले आणि समुद्राकडे निघालेले रुपेरी वाम.

ह्या गणिताचे मर्म एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, १००० पिल्ले नदीत आली. प्रतिवर्षी शेकडा १० नैसर्गिक रीतीने मेली, तर दहा वर्षांनी ३४९ उरतील. जाळी व वीजकेंद्रांची चक्रे ह्यांमुळे मृत्यू शेकडा २० झाला, तर केवळ १०७ उरतील. मृत्यूचे प्रमाण दुप्पट झाले; परंतु शिल्लक निम्मी न होता तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी झाली! आणि मुळात पिल्लेच १०० आली, तर १० किंवा ११ च उरतील. चक्रवाढ व्याज ज्यांनी सोडविले आहे, त्यांस ह्यात नवल वाटणार नाही.

प्रत्यक्षातही असेच घडले. १९८० च्या सुमारापासून पिल्लांची आवक झपाट्याने घटली. १९६० ते १९७९ ह्या काळाच्या सरासरीशी तुलना करता, अलीकडच्या वर्षांत उत्तर समुद्राच्या किनाऱ्यांवर ती सुमारे शेकडा १ इतकीच राहिली. अतिरिक्त मासेमारी, धरणे, प्रदूषण, परोपजीवी कृमी व सागरातील बदल अशी अनेक कारणे सांगितली जातात. २००७ साली युरोपीय संघाने नियम केला, की मानवी हस्तक्षेप मुळीच नसता तर जितक्या वजनाचे रुपेरी वाम सागरास गेले असते, त्याच्या शेकडा ४० तरी जावेत. वरील उदाहरणात ३४९ शी १०७ चे प्रमाण शेकडा ३१ भरते. ११ चे तर अवघे ३! ध्येय किती दूर आहे, हे ह्यावरून ध्यानात यावे. २००८ साली ह्या माशाची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत झाली आणि २०२१ साली सागरसंशोधनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने सर्वत्र शून्य मासेमारीचा सल्ला दिला.

एका देशाने संयम राखिला, तर त्याचे फळ सर्वांच्या नद्यांस वाटले जाते. एकाने लूट केली, तर तोटाही सर्वांस वाटून येतो. ज्याचा लाभ तत्काळ आपल्या पदरी पडत नाही असा त्याग करावयाचा, तर सर्वांचा हिशेब एकत्र मांडल्यावाचून गत्यंतर नाही. गणित माशांस वाचवीत नाही. परंतु सामायिक ठेव्यातून कोण किती उचलतो, हे ते निःपक्षपातीपणे दाखविते. ते पाहून हात आवरणे मात्र मनुष्याच्याच स्वाधीन आहे.