पाणी वाचवणारा कमोड निवडताना

फ्लशची सोय असलेल्या शहरी घरात माणशी दररोज १३५ लिटर पाण्याचा हिशेब धरला जातो. त्यातील ४५ लिटर, म्हणजे एक तृतीयांश पाणी, केवळ फ्लशसाठी असते. त्यामुळे पाण्याच्या बचतीचा विचार शौचालयापासून सुरू करणे योग्य ठरते.

टाकीची क्षमता : जुन्या टाक्यांतून एका वेळी १० लिटर किंवा त्याहून अधिक पाणी जाते. दोन बटणांच्या ‘ड्युअल फ्लश’ टाकीत लघवीनंतर ३ व शौचानंतर ६ लिटर पाणी पुरते. चौघांच्या कुटुंबात प्रत्येकाने दिवसातून पाचदा, त्यापैकी एकदाच पूर्ण फ्लश केल्यास २०० लिटरचा खर्च ७२ लिटरवर येतो.

टाकी आणि भांडे : केवळ टाकी बदलल्याने बचत होईलच असे नाही. जुने भांडे अधिक पाण्यासाठी घडवलेले असते. ते ६ लिटरमध्ये स्वच्छ न झाल्यास दोनदा फ्लश करावा लागतो आणि बचत वाया जाते. म्हणून दोन्ही एकमेकांस अनुरूप असावीत.

जोडणी : मैलावाहिनीचे तोंड जमिनीत आहे (एस ट्रॅप) की भिंतीत (पी ट्रॅप), हे पाहून भिंतीपासूनचे अंतर खरेदीपूर्वीच मोजावे.

गळती : टाकीत खाण्याचा रंग घालून अर्धा तास फ्लश करू नये. रंग भांड्यात उतरल्यास झडपेचे रबर बदलावे; अन्यथा उत्तम कमोडही रात्रंदिवस पाणी वाया घालवतो.